एकोणीस दिवस

“सही कर गो दिव्या! दोन वळींचा काम, तुजा काय जाताला? माजो घो तरी घराक येतलो.”

“येवदे तर,” मी म्हटलं. “उंबऱ्यातच तंगडी मोडतंय तेची.”

“तू गप रव,” आनंदीकाकी माझ्याकडे न बघताच म्हणाली. “तंगडी मोडता म्हणे. शाळा मोडलंस तेवढी पुरे झाली.”

मी उठलोच होतो. पण आईने आतून विळी जमिनीवर आपटली. त्या आवाजाचा अर्थ मला कळतो. परत बसलो.

काकी पाच वर्षांनी आमच्या पडवीत आली होती. घर तसं एकच. पण बाबलीकाकाला पोलिसांनी नेलं त्या वर्षी आबांनी मधोमध चिऱ्याची भिंत घालून घेतली. तिकडे काकी आणि तिची प्रियांका. इकडे आबा, आई, माझी बहीण दिव्या आणि मी. बाबा वास्कोच्या ट्रॉलरवर, ते पावसाळ्यातच घरी असतात. बाजारात मात्र भिंत घालता येत नाही. आई नि काकी दोघी मासे विकतात आणि बसायच्या जागा आजीच्या वेळेपासून ठरलेल्या, एकमेकींना खेटून. पाच वर्षं दोघी जावा गिऱ्हाइकामार्फत बोलल्या. “तिका सांगा, तिचा पाणी माज्या टोपलीत येता.” “तिका सांगा, पाण्याक पाय नाय, उतार बघ म्हणा.” बिचारा बांगडे घ्यायला आलेला, तो दोघींकडे बघत उभा.

आणि आज ही थेट आत. एका हातात स्टॅम्प पेपर, काखेत जाडजूड बांधलेला कागदांचा गठ्ठा.

बाबलीकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, आबांचा धाकटा झील. दिव्या तेरा वर्षांची असताना त्याने तिच्याशी जे केलं, त्यासाठी ओरोसच्या सेशन कोर्टाने त्याला दहा वर्षं दिली. आता त्याचं अपील मुंबईच्या हायकोर्टात सोमवारी निघणार होतं. काकीच्या वकिलाचं म्हणणं, मुलीने लिहून द्यावं की घरातल्या भांडणावरून मी खोटं बोलले, म्हणजे अपिलाला जोर येईल. सगळं टाइप करून आणलेलं. खाली फक्त दिव्याच्या नावापुढे मोकळी जागा.

दिव्या कुडाळला नर्सिंग शिकते, दोन दिवसांच्या सुट्टीवर आली होती. ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. काकी बोलत होती आणि ही आबांच्या लुंगीची चौथी घडी घालत होती.

“आनंदी,” आबा आरामखुर्चीतून म्हणाले, “आवाज कमी कर. वाडयेक आयकाक जाता.”

“जावदे. वाडयेन काय आयकाचा बाकी ठेवल्यान?” काकीने गठ्ठा बाकड्यावर टाकला. “आणि आबा, हायकोर्टात काय होतला ता तुमका म्हायत आसा? ह्येका पेपरबुक म्हणतत. खालच्या कोर्टात जो जो जा जा बोललो ता सगळा ह्येच्यात छापलेला आसा. तुमी सगळे खोटे बोललास. वकिलान माका दाखवल्यान. निळ्या पेन्सिलीन खुणो केल्यान. वाच रे विकी. वाचूक तरी येता मां?”

येतं. नववीपर्यंत गेलोय मी. गठ्ठा ओढून घेतला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला त्याचंच इंग्रजी. निळ्या रेघा लांबूनही दिसत होत्या.

पहिली खूण आईच्या जबानीवर. मी वाचलं, “मला त्या दिवसांत ताप येत होता. त्यामुळे तक्रार देण्यास उशीर झाला.”

दुसरी आबांच्या. “माझा मोठा मुलगा ट्रॉलरवरून येण्याची आम्ही वाट पाहत होतो. त्यामुळे उशीर झाला.”

तिसरं पान उलटलं आणि माझं स्वतःचं नाव दिसलं. मी थांबलो.

“वाच मां,” काकी म्हणाली. “जीब टाळ्याक चिकाटली?”

“दिव्याने सांगितले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो.”

काकीने बोटं पुढे केली. “एक, दोन, तीन. चेडवान सांगल्यापासून तक्रारीपर्यंत एकोणीस दिवस, आणि तेंची तीन उत्तरां. वरचे जज तुमची तोंडां बघूचे नाय हत, कागद बघतले. कागद सांगता, ह्या घरात खऱ्याक कोण नाय.”

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आबांनी ओरोसला जाताना एसटीत मला बजावलं होतं, दिवसांचं काही विचारलं तर आठवत नाही म्हण. एवढंच करायचं होतं. पण बाबलीकाकाचा वकील हसत हसत म्हणाला, “म्हणजे बहिणीची तुम्हाला काही पडलेलीच नव्हती?” आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, दुसऱ्याच दिवशी गेलो म्हणून. जजसाहेबांनी वर बघितलं. टायपिस्टने टकटक केलं. ते टकटक आता माझ्या मांडीवर होतं.

आईला आणि स्वतःला वेगवेगळी कारणं आबांनीच ठरवून दिली होती. सगळ्यांनी एकच सांगितलं तर पढवल्यासारखं वाटेल, हे त्यांचं डोकं. चाळीस वर्षं होडीवर तांडेल, खलाशांचे म्होरके होते. माणसं कुठे बसवायची ते त्यांना बरोबर कळतं असं त्यांना वाटतं.

मी उठून आत गेलो. आई चुलीपुढे बसली होती आणि चूल पेटलेलीच नव्हती.

“आये, तिका भायर काड.”

“ती काय म्हणता ता आयकलंस? तो सुटलो तर ती तेका घेवन रत्नागिरीक जातली, आपल्या म्हायेराक. हंय पाय घालूचो नाय. प्रियांकाची शपथ घेतल्यान.”

“म्हणजे तू सही करूक सांगतलंस?”

आई पदराने कपाळ पुसत राहिली. मग म्हणाली, “हायकोर्टान तेका असोच सोडलो, तर? मगे तो हंयच येतलो, भिंतीच्या पलीकडे. आणि दिव्या खोटी ठरतली ती ठरतलीच. त्यापरास लिवन द्यावा, तो जावदे, माज्या डोळ्यासमोर नको. पाच वर्षां बाजारात मान खाली घालून बसलंय विकी. मान दुकली आता.”

मी रागाने काहीतरी बोलणार होतो. पण ताप येत होता असं जिच्या नावावर छापलंय, तिला माझ्यासारख्या दुसऱ्याच दिवशीवाल्याने काय बोलायचं?

बाहेर आलो तेव्हा काकी बाकड्यावर बसली होती. तिचा आवाज उतरला होता. दिव्याला म्हणत होती, “तू माका शत्रू समजू नको. मी काय सुखात आसंय? वरसातून चार वेळा कोल्हापूरच्या जेलात जातंय. जाळयेतून बघतंय. दर टायमाक सांगता, आनंदी, मी काय करूक नाय. मी कोणाचा खरा मानू? घो माजो आसा.”

दिव्या घड्या घालायची थांबली. “काकी, तू माका कधी इचारलंस?”

“काय इचारू? कसा इचारू असला?” काकीने तोंड फिरवलं.

तेव्हा आबा खुर्चीत सरळ झाले. घसा खाकरला. गावात कसलाही तंटा तोडायच्या आधी ते असेच खाकरतात.

“आयका. सोमवाराक अजून तीन दिवस आसत. मी गुरवाक सांगतंय. सकाळी कौल लावया. दिव्यान सही करूची काय नाय, ता देवाक इचारूया. देव सांगात तसा. मगे कोणी फुडे बोलूचा नाय.”

आणि सगळे सैल झाले. काकीने तिथूनच देवळाच्या दिशेने हात जोडले. आई दारात येऊन उभी राहिली, “होय, ता बरा,” म्हणाली. खोटं कशाला सांगू, माझासुद्धा श्वास सुटला. आमच्याकडे असंच असतं. बोट विकायची असो, मुलगी द्यायची असो, गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

त्या एकोणीस दिवसांतही हेच झालं होतं. दिव्याने आईला सांगितलं, आईने त्याच दिवशी आबांना. आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, आधी देवाला विचारू. तर मानकऱ्यांच्या घरात माणूस गेलेलं, गावाला सुतक, तेरा दिवस कौल नाही. आम्ही थांबलो. बाबलीकाका याच घरात जेवत होता आणि आम्ही थांबलो होतो. मग देवळाची शुद्धी झाली, कौल लागला, पाकळी उजवी पडली, आणि एकोणिसाव्या दिवशी आबा स्वतः आपल्या मुलाविरुद्ध पोलिसात गेले. देवळातून घरापर्यंत मी धावत आलो होतो दिव्याला सांगायला. उजवो झालो गो, उजवो! ती काहीच बोलली नव्हती. मला वाटलं, खूश झाली नाही का ही?

देवाला कोर्टात साक्षीदार करायचा नाही, असं मानकऱ्यांनी ठरवलं. म्हणून ताप, म्हणून ट्रॉलर, म्हणून मी.

“आबा,” दिव्या म्हणाली.

तिने लुंगी बाजूला ठेवली होती.

“तेव्हा पाकळी डावी पडली असती तर?”

आबा तिच्याकडे बघत राहिले.

“सांगा मां. डावी पडली असती तर काय केला असतास तुमी?”

“अगो, पण पडली नाय मां डावी. देवान तुजा खरा केल्यान.”

“माजा खराच होता आबा. पाकळी पडूच्या आधीपण.”

“तुका समजणा नाय.” आबा म्हणाले. “एका बाजूक झील, दुसऱ्या बाजूक नात. बापसान खंय बघूचा? मी कोणाचा तोंड बघून ठरवलंय असतंय तरी वाटला असता, हेच्यात माजी माया आसा. म्हणान देवार टाकलंय. आणि कौल उजवो झालो म्हणान गाव तुज्या वांगडा रवलो. नायतर ह्याच वाडयेन तुका जगाक दिला नसता. ह्या पण खरा आसा.”

“आसा,” दिव्या म्हणाली. “मी नाय म्हणूक नाय. पण डावी पडली असती तर तुमी माका पोलिसाकडे नेला नसतास. आणि मी तेच्याच घरात, तेच्याच पानाच्या बाजूक पान मांडून जेवलंय असतंय. तेरा वर्साच्या चेडवाक ता कळता. ते एकोणीस दिवस मी हीच गोष्ट मनात धरून होतंय. तेच्या हातापेक्षा माका त्या पाकळयेचो भंय वाटलो.”

आबांनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

दिव्या माझ्याजवळ आली, पेपरबुक घेतलं आणि भराभर पानं उलटली. तिची साक्ष बंद दरवाजाआड झाली होती. आम्ही सगळे त्या दिवशी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसलो होतो. आत ती काय बोलली ते आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं. तिने पान शोधलं, वरच्या भागावर आपला पंजा पसरून ठेवला आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

“हाताखालचा वाचू नको. त्येच्या खालचा वाच. मोठ्यान.”

तिच्या पंजाखाली किती ओळी होत्या ते मी मोजलं नाही. मी खालचं वाचलं.

“मी आईला सांगितले त्याच दिवशी तिने आजोबांना सांगितले. आजोबा म्हणाले, देवाला विचारू. गावात सुतक होते म्हणून कौल लागत नव्हता, म्हणून थांबलो. नंतर कौल लावला. मी खरे बोलते काय असे देवाला विचारले. मला देवळात नेले नाही. पाकळी उजवी पडली असे भावाने येऊन सांगितले. त्यानंतर आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. घरचे लोक उशिराचे कारण काय सांगतात ते मला माहीत नाही. मला विचारले म्हणून मी सांगते.”

त्या ओळींवर निळी खूण नव्हती. एकही नाही.

काकी उठून जवळ आली. चौथी शिकलेली ती. ओळीवरून बोट फिरवायला लागली. “ह्या वकिलान माका दाखवूक नाय.”

“कित्या दाखवात?” मी म्हटलं.

“विकी, तू गप,” या वेळी दिव्या म्हणाली. मग काकीला म्हणाली, “काकी, मी तेव्हा सगळा सांगलंय. त्येच्यात खोटा एक अक्षर नाय. आता ह्या स्टॅम्पार सही केली तर माज्या आयुष्यातला पयला खोटा ता. ता मी करूचंय नाय. तू रोज इलंस तरी नाय. देवान सांगल्यान तरी नाय.”

“शिरा पडली तुज्या तोंडार!” आबा दचकून म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

दारातून आई पुढे आली. सकाळपासून पहिल्यांदा ती पडवीत आली. जावेसमोर उभी राहिली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मध्ये गिऱ्हाईक न ठेवता बोलली.

“आनंदी, तुजी प्रियांका आता अकरा वर्सांची झाली मां?”

“होय वैनी.”

“रत्नागिरीक तुज्या भावाची एकच खोली. बाबली सुटान इलो तर ती खंय झोपतली?”

भिंतीपलीकडून प्रियांका पाढे म्हणत होती, सतराचा. सतरा सक्कंवर अडकली, मागे गेली, परत आली. आम्ही पाचही जण ते ऐकत होतो.

“तो म्हणता, केला नाय,” काकी शेवटी म्हणाली, पण आता ती आम्हाला सांगत नव्हती.

तिने स्टॅम्प पेपर उचलला, चार घड्या केल्या आणि पोलक्यात खुपसला. फाडला नाही. तिच्या वकिलाला ती काय सांगेल ते मला माहीत नाही. पेपरबुक मात्र बाकड्यावर राहिलं. आमच्या अंगणात पडलेली आपली करवंटीसुद्धा जी पाच वर्षांत कधी विसरली नाही, ती एवढा मोठा गठ्ठा विसरेल असं मला वाटत नाही.

दिव्याने सावित्री मॅडमना फोन लावला. खालच्या कोर्टात सरकारी वकिलांच्या हाताखाली त्याच होत्या. फोन स्पीकरवर. मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, मॅडम, मी खोटं बोललो होतो, मला मुंबईला नेऊन उभा करा, मी जजसाहेबांना खरं सांगतो, वाटलं तर मला आत टाका.

“असं होत नाही विकी,” मॅडम म्हणाल्या. “अपिलात साक्षीदारांना पुन्हा उभं करत नाहीत. खाली जे लिहिलं गेलं तेच वर नव्याने तपासतात. तुझं उत्तर आता तुझं राहिलं नाही, रेकॉर्डचं झालं.”

“मगे माज्यामुळे सुटलो तर?”

“एका विसंगतीवर सहसा कोणी सुटत नाही. तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा टिकू शकते, तो शब्द विश्वासाचा वाटला तर. खालच्या जजने तिला बोलताना बघितलं आणि विश्वास ठेवला, त्यालाही वरती किंमत असते. पण वरचे जज तिचा चेहरा बघणार नाहीत. त्यांना कागदावरून ओळखावं लागेल की तुम्ही तिघं लपवत होता आणि ही सांगत होती.”

“आणि ता कौलाचा?” दिव्याने विचारलं. “त्येचा काय होतला मॅडम?”

“दोन्ही होऊ शकतं. ते म्हणू शकतात, उशिराचं खरं कारण मिळालं, गावातली माणसं अशीच वागतात. किंवा म्हणू शकतात, घरच्यांनाच खात्री नव्हती. मी तुला खोटी आशा देणार नाही. पण तिथल्या सरकारी वकिलांपुढे फायलींचा ढीग असतो. उशिराच्या मुद्द्यावर हे पान आधी त्यांच्या डोळ्यांपुढे यायला हवं. त्या पानाची झेरॉक्स मला आजच आणून दे. मी टिपण लिहिते. आमचा माणूस आज मुंबईला निघतोय.”

फोन ठेवला तेव्हा आबा सदरा घालून उभे होते. बटणं वरखाली लागली होती.

“मी येतंय,” म्हणाले.

“कित्याक?” मी विचारलं. “आयकलास मां? आमचा कोण आयकूचो नाय.”

“नाय आयकले तर नाय. माका सांगूक व्हया. त्या मॅडमाक तरी सांगतंय. ताप, ट्रॉलर, ता सगळा माजा.”

मला वाटलं दिव्या हसेल किंवा रडेल. ती त्यांच्याजवळ गेली आणि चुकलेली बटणं सोडवून परत लावली, खालपासून वर. “येवा,” म्हणाली. “पण थंय माज्या वतीन बोलूचा नाय. तुमचा तेवढाच सांगायचा.”

आता आम्ही बाजारात झेरॉक्सच्या दुकानात आहोत. लोडशेडिंग होतं म्हणून सव्वा तास बसून काढला. आबा बाहेर पायरीवर, दिव्या पुस्तक मांडीवर घेऊन, आणि मी हे लिहीत. बाकी सगळं माझ्या नावावर चुकीचं छापलेलं आहे, निदान हे तरी बरोबर असावं. मघाशी दिव्या माझ्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “उजवो झालो गो, ता पण लिवलंस?” मी म्हटलं, लिहिलं. “मी खूश झालंय नाय, ता पण?” तेही लिहिलं. “मगे रवांदे,” म्हणाली.

लाइट आली. दुकानदाराने काच उघडलीय, दिव्या पान ठेवतेय, वरच्या भागावर कोरा कागद घालून. ओरोसची एसटी स्टँडवर लागलेली इथून दिसतेय, आबा आत्ताच चालायला लागले. मला आता निघायला हवं.